पट्ट्याला एक दिवस विसावा

सर्वपित्री अमावास्येला अजून दोन दिवस आहेत आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नऊ रंगांची यादी येऊन पडलीसुद्धा. कुठल्या दिवशी करडा, कुठल्या दिवशी मोरपिशी यावरून सकाळपासून घमासान चालू आहे. "मोरपिशी कोणाकडे असतो यार, हिरवा चालवून घ्या ना," असं तिसऱ्या मजल्यावरून आलं. त्यावर पाचव्या मजल्याने रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. खाली मैदानात बांबूंचा ट्रक रिकामा होतो आहे. स्टेशनच्या रस्त्यावर चणिया-चोळ्या अशा टांगल्या आहेत की चालताना त्यांचे आरसे डोक्याला घासतात. मी छत्तीस वर्षांची नोकरदार बाई, हातात दुधी आणि कोथिंबिरीची पिशवी, पण मुद्दाम रिक्षा सोडून त्या रस्त्याने चालत येते. घरी पोचेपर्यंत पावलांनी आपलाआपला ताल धरलेला असतो.

मला नवरात्र चढतं. लपवण्यासारखं काही नाही त्यात. माहेर मूळचं कोकणातलं, पण मी वाढले घाटकोपरला, शेजारीपाजारी सगळी गुजराती घरं. चालायला लागले तेव्हापासून गरब्याच्या गोलात आहे. दोन टाळ्यांचा, तीन टाळ्यांचा, सगळे येतात. लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडच्या सोसायटीत आले, तेव्हा सासरच्यांनी माझ्याबद्दल आधी काय ऐकलं असेल, तर "पोरगी नोकरीला चांगली आहे, पण नवरात्रात सापडायची नाही."

नोकरीचं सांगते, कारण तिचा या गोष्टीशी संबंध आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे आम्ही मापं तपासतो. सोनाराचे काटे, औषध कंपन्यांचे तराजू, कुठल्या तरी कारखान्यातली तापमापकं आमच्याकडे येतात, आणि ती खरं बोलतात की खोटं, हे आम्ही ठरवून कागद देतो. मखमलीच्या पेटीतली वजनं चिमट्याने उचलायची, कारण बोटाच्या तेलानेसुद्धा वजन बदलतं. आमचे कांबळे सर पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "आधी शून्य बघ. पारड्यात काही नसताना काटा काय दाखवतो, ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही." बारा वर्षं मी रोज सकाळी तेच करते आहे. त्यामुळे स्वभावही तसाच झाला आहे. कोणी "थोडंसं" म्हणालं की मी विचारते, म्हणजे किती?

म्हणूनच त्या एका नवरात्रात माझी फार पंचाईत झाली. तेव्हा मला पाचवा महिना होता, आणि माझ्या एकाच प्रश्नाला कोणी आकड्यात उत्तर देत नव्हतं. पोटात मूल असताना बाईने हिंडावं-फिरावं, तर किती?

डॉक्टर बाई म्हणाल्या, "झेपेल तेवढं." आई म्हणाली, "बेताने." नवरा, महेश, म्हणाला, "जरा सांभाळून ना." जरा, बेताने, सांभाळून, झेपेल तेवढं! आपल्या घरांतली ही मापं. यातलं एकही आमच्या प्रयोगशाळेत आलं असतं, तर मी लाल शिक्का मारून परत पाठवलं असतं.

दुसरी एखादी असती तर हसून सोडून दिलं असतं तिने. मला सोडता येत नव्हतं, कारण आदल्या वर्षीच्या नवरात्रातही माझ्या पोटात एक जीव होता. तीन महिन्यांचा. अजून फार कोणाला सांगितलंही नव्हतं. अष्टमीला मला राहवलं नाही. मी तासभर गरबा खेळले. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ते मूल गेलं. डॉक्टर बाईंनी समोर बसवून सांगितलं की नाचण्याने हे झालेलं नाही, अशा वेळी बहुतेकदा कारण सापडतच नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मी मान हलवली. पण हॉस्पिटलात भेटायला आलेल्या महेशच्या आत्याने उशाशी बसून हळूच विचारलं होतं, "नाचली होतीस ना गं?" तेव्हा माझ्या सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या काही बोलल्या नाहीत. "असं काय विचारता" असं म्हणाल्या नाहीत की "हो, नाचली" असंही म्हणाल्या नाहीत. पुढे वर्षभर त्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मला मऊ भात करून घातला, डोक्याला तेल लावलं, सगळं केलं. पण ती खिडकीपाशीची गप्प पाठ माझ्या मनातून हलली नाही. त्यांनी मनात मला दोषी ठरवलं आहे, अशी माझी पक्की खात्री होती. खरं म्हणजे मीच मला ठरवलं होतं.

अशा अवस्थेत मी पालिकेच्या हॉस्पिटलातल्या बाकावर माझा नंबर यायची वाट बघत बसले होते, आणि प्राजक्ता आली. फिजिओथेरपी शिकणारी, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेनं खोचलेली, बोलायला लागली की थांबणं नाही. "ताई, आम्ही एक अभ्यास करतोय. प्रेग्नन्सीत बायकांची दिवसभरात नेमकी हालचाल किती होते, ते मोजायचं. सात दिवस कमरेला एक पट्टा बांधायचा. आंघोळीला आणि झोपताना काढायचा. तुमचं नेहमीचं जे चाललंय ते चालू द्यायचं. बस्स. आणि रिपोर्ट तुम्हालाही देऊ."

नेमकी! किती! मोजायचं! मला वाटलं, ही मुलगी माझ्यासाठीच धाडली आहे. तिचं वाक्य संपायच्या आत मी सही केली.

पट्टा म्हणजे एक रुंद लवचीक पट्टी आणि तिच्यात अडकवलेली काडेपेटीएवढी काळी डबी. डबीवर आकडे नाहीत, पडदा नाही, फक्त हिरवा दिवा, तोही मधूनमधून डोळा मिचकावल्यासारखा. मी ती उलटीपालटी करून बघितली.

"याचं शून्य कोणी तपासलंय?"

"अं?"

"म्हणजे मी हललेच नाही, तर हे काय दाखवतं? शेवटचं कधी तपासलं? कागद असेल ना?"

प्राजक्ताने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचीच तोंडी परीक्षा घ्यायला बसले आहे. "सरांना विचारून सांगते," म्हणाली बिचारी. मग तिने एक छापील प्रश्नावली भरून घेतली. ती मूळची कुठल्या तरी परदेशातली असणार, मराठीत आणताना कोणाची तरी दमछाक झालेली दिसत होती. गेल्या आठवड्यात आपण गवत कापण्याचे यंत्र किती वेळ चालवले? घाटकोपरला, चौथ्या मजल्यावर! आमच्या घरात गवत म्हणाल तर वर्षातून एकदा, घटाच्या मातीत उगवतं तेवढंच. आम्ही दोघी हसत सुटलो. मग पुढचा प्रश्न आला. आवड म्हणून नाचणे. अजिबात नाही, अर्धा तास, एक तास, त्याहून अधिक. मी 'अजिबात नाही'समोर खूण केली. शहाण्या मुलीसारखं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. प्राजक्ता पेन शोधत होती, तिच्या लक्षात आलं नाही.

घरी सांगितलं, तर सासूबाईंनी पट्टा हातात घेऊन वास घेतला. त्या मालवणजवळच्या. चाळीस वर्षं मुंबईत काढली, पण रागावल्या की किंवा जीव लागला की मालवणीच तोंडात येते.

"ह्या काय करता?"

"मी किती हलते ते मोजतं, आई."

"कशाक?"

"म्हणजे बाळाला किती हालचाल चालते, ते कळेल ना."

त्यांनी दोन्ही गोष्टी आपल्या पद्धतीने जोडल्या. संध्याकाळी शेजारच्या ज्योत्स्नाबेनना सांगताना मी ऐकलं, "हॉस्पिटलान पट्टो दिल्यानी. बाळाची राखण करता." मी सुधारायला गेले नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं.

तिसऱ्या माळेला पट्टा चढला. पहिल्या माळेलाच आमचा घट बसलेला. टोपलीतल्या मातीतून धान्य वर यायला लागलं होतं. सासूबाई रोज सकाळी ते बोटांनी मोजायच्या, दोन बोटं झालं, तीन बोटं झालं. त्या आंघोळीला गेल्या की मी पर्समधली स्टीलची पट्टी काढून गुपचूप मोजायचे. त्यांचं बोट आणि माझे मिलिमीटर बऱ्यापैकी जुळायचे.

ते दिवस आठवले की अजून अंगात तरतरी येते. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जायचं. त्या दिवशीच्या रंगात सगळा डबा बुडालेला. पिवळा म्हणजे पिवळा, कॉलेजच्या मुली, बँकेतल्या बायका, तिकीट तपासणारी मॅडम, सगळ्या. अनोळखी बाया एकमेकींना डोळ्यांनी पावती देतात, तू पण का, झकास. कोणीतरी उठून जागा द्यायचं. मी बसायचे आणि मनात लगेच विचार यायचा, हे बसणं त्या डबीत कसं लिहिलं जात असेल? घरापासून स्टेशन, स्टेशनच्या पायऱ्या, पलीकडे उतरून वसाहतीचं फाटक, सगळं मी मनात मोजत होते. यंत्राचा आकडा दिसत नव्हता, म्हणून माझा आकडा मी ठेवत होते. प्रयोगशाळेत वजनाची पेटी उचलायला गेले की कांबळे सर ओरडायचे, "ठेव ती खाली. तुझ्या पट्ट्यात माझं नाव यायचं." पंख्याखाली बसून त्यांनी एकदा डबी नीट न्याहाळली आणि म्हणाले, "हे यंत्र हालचाल मोजतं, बाई. श्रम मोजत नाही. आणि धास्ती तर नाहीच नाही." मी म्हटलं, "सर, आकडा मिळू तर दे."

एक धास्ती अशी होती की ती मी सरांनाही सांगितली नव्हती. बाळ अजून हललेलं कळत नव्हतं. डॉक्टर बाईंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. ठोके मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पहिलटकरणीला वेळ लागतो, येईल कळून, म्हणाल्या होत्या. पण मला त्या सोनोग्राफीच्या करड्या चित्रावर भरवसा ठेवता येईना. मी दिवसभर आतल्या हालचालीची वाट बघत होते, आणि कमरेवरची डबी बाहेरची हालचाल लिहीत होती. मधे मी. इतकी सावध झाले होते की फरशीवर पाऊल टाकताना अंडी पसरली आहेत असं चालायचे.

संध्याकाळी सहाला मैदानात लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा गरबा सुरू व्हायचा. मोठ्यांचा नंतर. सहा दिवस मी गॅलरीत खुर्ची टाकून वरून बघत बसले. ढोलाची पहिली थाप पडली की पायाचा अंगठा आपोआप हलायला लागायचा. मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरायचे. कमरेवरच्या यंत्राला अंगठ्याचं काय कळणार म्हणा. पण मला कळत होतं.

आणि मग आली नवमी. सातवा, शेवटचा दिवस.

आंघोळ करून आले, तर खुर्चीवर ठेवलेला पट्टा नाही. पलंगाखाली नाही, धुण्यात नाही. "महेश, माझा पट्टा बघितलास?" तो ब्रश तोंडात ठेवून खांदे उडवत होता. मी देवघराशी आले आणि जागीच थिजले.

खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाटावर लाल कापड. त्यावर सासूबाईंचा आडाळो, म्हणजे विळी, त्यांची शिवणाची कात्री, महेशचा लॅपटॉप, पान्ह्यांचा डबा, माझी ती स्टीलची पट्टी. आणि बरोबर मधे, गुंडाळी करून, माझा पट्टा. काळ्या डबीवर हळदीची पाच बोटं, कुंकू, अक्षता, वर झेंडू. हिरवा दिवा हळदीखालून लुकलुकत होता.

"आई! अहो हे काय केलंत? आज घालायचाय तो! सातवा दिवस आहे!"

"तुझा हत्यार ना ता? मगे पूजा नको?"

"पूजा झाली ना? द्या आता."

"आज हत्याराक हात लावूचो नाय." त्या शांतपणे म्हणाल्या. "सा दीस राखण केल्यान त्याणा. एक दीस विसावो नको? मी आडाळ्याक हात लावूक नाय. भाजी कालच चिरून ठेवलंय."

"माझे आकडे, आई!" माझा आवाज चढला. "अख्खा दिवस शून्य दिसेल!"

"दिसांदे."

मी प्राजक्ताला फोन लावला. सुट्टी, उचलला नाही. महेश म्हणाला, "यार, कुंकू लागलंय आता, राहू दे ना. देवाची वस्तू झाली ती." मी तणतणत खोलीत गेले. पण फार वेळ तणतणता येईना, कारण आदल्याच दिवशी प्रयोगशाळेत मी स्वतः काय केलं होतं? काट्यावर हळद टाकता येत नाही, कणभर धूळही चालत नाही. म्हणून मी काट्याच्या टेबलाच्या चारही पायांना झेंडूची माळ बांधली होती आणि वर कापड घातलं होतं. दसरा होईपर्यंत काटा बंद. कांबळे सर हे पूजाबिजा काही मानत नाहीत, दसऱ्याला दरवर्षी नागपूरला जातात. पण काट्याला एक दिवस हात लावू नये, हे त्यांनाही पटतं. आपणच आपल्या यंत्राला विसावा द्यायचा आणि सासूने दिला की ओरडायचं, हे काही बरोबर नव्हे.

दिवसभर कंबर मोकळी मोकळी वाटत होती. चालताना हात सारखा तिथे जायचा. दुपारपर्यंत धास्तावल्यासारखं झालं, राखणदार सुट्टीवर गेल्यासारखं. आणि दुपारनंतर, का कोण जाणे, एकदम हलकं वाटायला लागलं. बाजारातून फुलं घेऊन आले आणि दारात लक्षात आलं, पावलं मोजलीच नाहीत.

सहाला ढोल वाजला. मी गॅलरीतली खुर्ची सरळ करत होते, तेवढ्यात सासूबाई नवं लुगडं नेसून पुढ्यात उभ्या. "चल गो, खाली जावया. आज शेवटची माळ. वयरसून काय बघतस?"

खाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. आम्ही कडेला बसलो. मधे देवीची तसबीर आणि तिच्याभोवती चिल्लीपिल्ली उलटसुलट फिरत होती, कोणाच्या टाळ्या कोणाला लागत नव्हत्या. ज्योत्स्नाबेन आपले गुडघे धरून त्यांना शिस्त लावत होत्या. मला हसू आलं. हसता हसता काय झालं कळलं नाही, माझ्या तोंडून निघून गेलं. वर्षभर जिभेवर होतं ते. कमरेला पट्टा नव्हता, कोणी काही लिहून घेत नव्हतं, म्हणूनच धीर आला असेल.

"आई, मागच्या वर्षी मी नाचले म्हणून गेलं का हो ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोरांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पुन्हा तीच खिडकी.

मग त्या बोलायला लागल्या. हळू, सगळं मालवणीत. महेशच्या आधी त्यांनाही दिवस गेले होते. तेव्हा त्या गावी होत्या. वैद्याने की कोणी सांगितलं, बाईला हलू देऊ नका. "तीन म्हयने मी खाटेर निजान होतंय. पाण्याचो तांब्यो पण हातात देयत. कुशीर वळाक भियां वाटा. देवाशप्पथ सांगतंय, पाय भुयक लावूक नाय. तरी गेला." ढोल जोरात चालू होता, त्यांना थोडं ओरडूनच सांगावं लागत होतं. "तेव्हा पण सगळी इचारीत, काय केलंस, काय केलंस. मी काय सांगू? मी तर कायच करूक नव्हतंय. ती आत्याबाई तुका इचारीत होती, तेव्हा माझ्या तोंडातसून शबूदच येयना. माका माझाच आठवला." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "माझ्या निजण्यान रवला नाय. मगे तुझ्या नाचण्यान कशाक जातला गो?"

म्हणजे त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, तेव्हा त्या माझ्याकडे पाठ करून नव्हत्या. त्या स्वतःच्या खाटेवर होत्या. आणि मी वर्षभर चुकीचं माप वाचत बसले होते. शून्य न तपासता!

"ऊठ," त्या म्हणाल्या. "एक फेरो मारूया. हळू. डॉक्टरीण चाल म्हणता मा? चालूक हरकत नाय मा?"

आणि आम्ही उठलो. सासूबाई जन्मात गरबा खेळल्या नव्हत्या. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं, त्यामुळे टाळी वाजवायची म्हणजे पंचाईत. मग मी माझा मोकळा हात त्यांच्या मोकळ्या हातावर मारला, आणि तशीच टाळी धरून आम्ही चालायला लागलो. नाच नव्हेच तो, चालणंच. पण ढोलाच्या थापेवर! म्हाताऱ्या बायकांच्या मागून, पोरांच्या मधून, उजवीकडून गोल. ज्योत्स्नाबेन ओरडल्या, "अरे वा, मालवणी गरबा!" सासूबाई लाजून लाल झाल्या आणि एक पाऊल चुकल्या आणि मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले! घामाने ब्लाऊज चिकटला होता, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास नाकात भरला होता, आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना. एक फेरा झाला. दुसराही झाला. मग त्याच म्हणाल्या, "पुरे." मीही ऐकलं. "झेपेल तेवढं" म्हणजे किती, हे त्या वेळी मला कोणाला विचारावं लागलं नाही.

खुर्चीवर येऊन बसले. महेशने पाणी आणून दिलं. दोन घोट घेतले, पाय लांब केले, पाठ टेकली. आणि आत, बेंबीच्या खाली डावीकडे, काहीतरी झालं.

आमचा सगळ्यात नाजूक काटा शून्यावर ठेवला की तो कधीकधी नुसता थरथरतो. पारड्यात काही टाकलेलं नसतं, दाराची फट उघडलेली असते एवढंच. तेवढंच. मी श्वास धरला. पुन्हा झालं. मग आतून कोणीतरी टिचकी मारावी तसं, स्पष्ट.

"आई!" मी त्यांचा हात ओढून पोटावर दाबला. "हललं! हललं!"

त्यांच्या हाताला बाहेरून काही लागणं शक्यच नव्हतं, इतकं ते बारीक होतं. पण त्या डोळे मिटून, पोटावर तळवा घट्ट धरून म्हणत राहिल्या, "होय गो. लागला. लागला माका." महेश पाण्याची बाटली घेऊन आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत उभा होता. त्याला वाटलं, काहीतरी झालं. झालंच होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्राजक्ता पट्टा न्यायला आली. सासूबाईंनी तिच्या केसांत घटातलं धान्य खोवलं, सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं. तिने डबी उचलून पाहिली आणि विचारलं, "हे पिवळं काय आहे?" मी सांगितलं. तिने ओल्या रुमालाने पुसलं, तरी कडेच्या खाचेतली हळद निघाली नाही. पुढच्या कुठल्या बाईच्या कमरेला ती हळद गेली असेल, कोण जाणे.

महिन्याभराने तिने रिपोर्ट आणून दिला. एकाच कागदावर सात दिवस, प्रत्येक दिवसाचा एक उभा खांब. सहा खांब आणि सातव्या जागी काही नाही. प्राजक्ता काळजीने म्हणाली, "ताई, यंत्रात त्या दिवशी पूर्ण शून्य आलंय. झोपूनच होतात का दिवसभर? काही त्रास?" मी घडलेलं सगळं सांगितलं, अगदी टिचकीपर्यंत. ती ऐकत राहिली. मग तिने फॉर्म काढला. पट्टा न घालण्याचं कारण: आंघोळ, झोप, पोहणे, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि समोर लिहिलं, पूजा. "हा दिवस आम्हाला धरता येणार नाही, ताई," ती म्हणाली. मला तिची कीव आली. बाकीच्या सहा खांबांवरून कळत होतं की मी तोलूनमापून, घाबरत घाबरत, पण व्यवस्थित चालत होते. बरं आहे. 'किती'चा आकडा मला मिळाला होता. तो बघून मी कागदाची घडी घातली, आणि नंतर तो आकडा विसरूनही गेले.

कांबळे सरांना दाखवला, तर त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन सातव्या जागेवर बोट ठेवलं. "शून्य आलं म्हणून काही नव्हतं असं नाही. मोजायला कोणी नव्हतं एवढंच. हा फरक आपल्याकडच्या नव्या मुलांना समजावताना माझा घसा बसतो." मग हळूच विचारलं, "हलतंय ना आता नीट?" मी म्हटलं, "सर, ढोल वाजवतंय."

फाल्गुनात तन्वी झाली.

तो कागद सासूबाईंनी माझ्याकडून मागून घेतला. त्यांच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली असतो. दरवर्षी खंडेनवमीला आडाळो, कात्री, लॅपटॉप, पान्ह्यांचा डबा यांच्याबरोबर तोही पाटावर येतो. सहा खांबांना त्या हात लावत नाहीत. सातव्या, रिकाम्या जागेवर हळदीकुंकू वाहतात. कागदावर आता तिथे एक जाड पिवळा-लाल डाग झाला आहे.

गेल्या वर्षी तन्वी अडीच वर्षांची होती. माझ्या जुन्या चणियाचा तिला छोटा घागरा शिवलेला, तो दिवसभर काढेना. पूजेला पाटाशी उकिडवी बसून प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवत "हे कोनाचं?" चाललं होतं. कात्री आजीची. लॅपटॉप बाबाचा. पट्टी आईची. मग तिने कागदावर बोट ठेवलं.

"आजी, हे कोनाचं?"

"हे सा दीस तुझ्या आवशीचे," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, आणि तिचं बोट धरून त्यांनी डागावर नेलं. "हो दीस तुझो."

तन्वीने बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं, ते स्वतःच्या पोटाला पुसलं, आणि खाली ढोल वाजला तशी घागरा सावरत दाराकडे पळाली. आम्ही दोघी तिच्यामागे धावलो.